राखेतील पोकळ गोल आणि हलके संमिश्र फेन : विदर्भातील औष्णिक राखेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

औष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या राखेत साधारणतः शेकडा एक किंवा त्याहून कमी प्रमाणात सूक्ष्म पोकळ गोल असतात. हे गोल रेझिनमध्ये किंवा वितळलेल्या धातूत मिसळले असता वजनाला हलका आणि दाबाला टिकणारा संमिश्र फेन तयार होतो. प्रस्तुत लेखात या पदार्थाची रचना, त्यामागील गणित, घडणीतील दोष व औद्योगिक उपयोग यांचे विवेचन केले आहे. विदर्भातील राखेचा प्रश्न या उपयोगाने किती सुटू शकतो, तसेच राखतलावातून गोल वेचण्याची प्रचलित पद्धत आणि राख कोरडी उचलण्याचे धोरण यांत विसंगती कशी निर्माण होते, हेही स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : संमिश्र फेन, सेनोस्फिअर, औष्णिक राख, घनता, ताठरता, राखतलाव.

प्रस्तावना :

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर, म्हणजे पूर्वीच्या क्रमांक ७ वर, वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात जाम हे गाव आहे. जाम चौरस्त्यावरून एक रस्ता हिंगणघाटकडे, दुसरा वरोरा-भद्रावतीमार्गे चंद्रपूरकडे व तिसरा वर्ध्याकडे जातो. हा सारा प्रदेश कापसाचा. हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत पोहोचला होता. आज मात्र या चौरस्त्याची आणखी एक ओळख सांगता येते. त्याच्या उत्तरेस नागपूरपलीकडे कोराडी व खापरखेडा, तर दक्षिणेस चंद्रपूर अशी राज्यातील मोठी औष्णिक वीजकेंद्रे आहेत आणि नागपूर-चंद्रपूर मार्गाच्या साधारण मधोमध जाम येते.

कोराडी येथील वीजनिर्मिती १९७४ मध्ये, तर चंद्रपूर येथील १९८३ मध्ये सुरू झाली. चंद्रपूर केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट, तर खापरखेड्याची १३४० मेगावॅट आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे तीन टन कोळसा जाळला की सुमारे एक टन राख मागे उरते. तिचे काय करावे, हा या भागातील शेतकऱ्यांचा, नदीकाठच्या गावांचा आणि नगरपालिकांचा नित्याचा प्रश्न आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखबंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेतांत व नाल्यांत शिरले. राखेकडे तटस्थपणे पाहता येत नाही, याची आठवण करून देण्यास ही एक घटना पुरेशी आहे.

याच राखेत अभियांत्रिकीच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा एक घटक दडलेला आहे. त्याची ओळख करून देणे आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी व कोणती ठेवू नये, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फेन आणि संमिश्र फेन :

घन पदार्थात वायूची पोकळी विखुरलेली असली की त्यास घन फेन म्हणता येते. व्यवहारात त्यालाच फोम म्हणतात. पावाचा गाभा, ढोकळा, जाळीदार अनारसा, थर्माकोल, गादीतील फोम ही सर्व त्याची परिचित उदाहरणे होत. लाकूड आणि हाडाचा आतील भागही रचनेने याच वर्गात मोडतो. पोकळीमुळे वजन घटते, परंतु त्याबरोबर बळकटीही घटते आणि ती वजनाच्या तुलनेत फार वेगाने घटते. लोर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅश्बी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सेल्युलर सॉलिड्स’ या ग्रंथात या नात्याची सविस्तर मांडणी केली. त्यानुसार उघड्या कप्प्यांच्या फेनाची ताठरता ही त्याच्या सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मूळ पदार्थाच्या एक-दशांश घनतेचा असा फेन तयार केला, तर त्याची ताठरता एक-दशांश न राहता सुमारे एक-शतांश होते. थर्माकोलचा तुकडा बोटाने सहज दाबला जातो, यामागे मुख्यतः हेच कारण आहे.

संमिश्र पदार्थ म्हणजे भिन्न गुणांचे दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र आणून, त्यांची स्वतंत्र ओळख कायम ठेवून घडविलेला पदार्थ. मातीत कुटार कालवून उभारलेली भिंत हे त्याचे ग्रामीण भागातील जुने उदाहरण आहे. माती दाब सोसते, तर कुटाराचे तुकडे भेगांना अडवतात. संमिश्र फेनात या दोन्ही कल्पना एकत्र येतात. सामान्य फेनातील बुडबुडा हा निव्वळ वायूचा असतो. संमिश्र फेनात मात्र प्रत्येक बुडबुड्याला स्वतःची काचेसारखी किंवा चिनी मातीसारखी कठीण भिंत असते. असे तयार पोकळ गोल आधारद्रव्यात, म्हणजे रेझिन, सिमेंट किंवा धातूत बसविले जातात. या प्रकारास अभियांत्रिकीत ‘सिन्टॅक्टिक फोम’ असे नाव आहे. बुडबुडे आपोआप उठू देण्याऐवजी ते मोजून-मापून रचले जातात, हे या नावातून सूचित होते. परिणामी पोकळी असूनही पदार्थ सहजासहजी चेपला जात नाही.

पोकळ गोल कसा घडतो :

असे गोल कारखान्यात काचेपासूनही तयार करतात. परंतु वीजकेंद्राच्या भट्टीत ते आपसूक तयार होतात. केंद्रात कोळसा दळून पिठासारखा बारीक केला जातो व हवेच्या झोताबरोबर भट्टीत फवारला जातो. भट्टीतील ज्वालेचे तापमान १३०० ते १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कोळशातील कार्बन जळून जातो आणि त्यात मिसळलेली चिकणमाती, वाळू व लोहयुक्त खनिजे वितळतात. वितळलेल्या थेंबाच्या आत त्याच वेळी वायू निर्माण झाला, तर तो थेंब फुग्याप्रमाणे फुगतो. पृष्ठताणामुळे त्याला गोल आकार येतो आणि धुराबरोबर थंड भागात जाताच त्याची भिंत घट्ट होते. हाच पोकळ गोल ‘सेनोस्फिअर’ म्हणून ओळखला जातो. त्याची भिंत प्रामुख्याने सिलिका व अ‍ॅल्युमिना यांची बनलेली असते आणि आत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन हे वायू असतात.

बहुतेक थेंब मात्र फुगत नाहीत. थेंबाचा चिकटपणा, त्याचे तापमान आणि वायू सुटण्याची वेळ यांचा मेळ क्वचितच जमतो. म्हणून राखेत भरीव कण पुष्कळ आणि पोकळ गोल थोडे असतात. त्यांचे प्रमाण कोळशाच्या जातीनुसार व भट्टीच्या स्थितीनुसार बदलते. ते सामान्यतः वजनाने एक टक्क्याच्या आगेमागे, अनेकदा त्याहूनही कमी आढळते.

या गोलांचा व्यास सुमारे १० ते ३०० मायक्रॉन आणि घनता दर घन सेंटिमीटरला ०.४ ते ०.९ ग्रॅम इतकी असते. भिंतीच्या द्रव्याची घनता २.३ धरली आणि संपूर्ण गोलाची ०.७ असली, तर घनफळाचा जवळजवळ ७० टक्के भाग पोकळ आहे, असा त्याचा अर्थ होतो. या हिशेबाने १०० मायक्रॉन व्यासाच्या गोलाची भिंत सुमारे ६ मायक्रॉन जाडीची ठरते. माणसाच्या केसाहून थोडाच मोठा गोल आणि केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी भिंत, असे त्याचे स्वरूप आहे. पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. भरीव राख तळाशी बसते व पोकळ गोल वर येतो, या साध्या भेदावर त्याचे संकलन अवलंबून आहे.

वजन आणि ताठरता यांचे गणित :

संमिश्र फेनाची घनता काढण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक घटकाचा घनफळातील वाटा त्याच्या घनतेने गुणावा आणि येणाऱ्या गुणाकारांची बेरीज करावी. इपॉक्सी रेझिनची घनता १.१५ आणि गोलांची ०.७० मानू. घनफळाने ६० टक्के गोल व ४० टक्के रेझिन घेतल्यास फेनाची घनता पुढीलप्रमाणे येते :

(०.६० × ०.७०) + (०.४० × १.१५) = ०.४२ + ०.४६ = ०.८८

म्हणजे रेझिनच्या तुलनेत वजन जवळजवळ पाव हिश्श्याने कमी होते आणि तयार पदार्थ पाण्यावर तरंगतो. गोलांचा वाटा ६० टक्क्यांहून फारसा का वाढविता येत नाही, हेही येथे समजून घेणे अगत्याचे आहे. एकाच आकाराचे गोल भांड्यात ओतले असता ते जास्तीत जास्त ६४ टक्के जागा व्यापतात, उरलेली जागा त्यांच्यामधील फटींची असते. लहानमोठे गोल मिसळल्यास हे प्रमाण काहीसे वाढते. परंतु फटी पूर्णपणे भरण्याइतके रेझिन मिळाले नाही, तर गोल एकमेकांना नीट धरून राहत नाहीत.

वजनातील बचतीपेक्षाही महत्त्वाचा लाभ वाकण्याच्या संदर्भात दिसतो. पत्र्याची वाकण्यास होणारी अडवणूक त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शुद्ध रेझिनची १० मिलिमीटर जाडीची फळी आणि तेवढ्याच वजनाची संमिश्र फेनाची फळी यांची तुलना करू. घनता कमी असल्यामुळे फेनाची फळी सुमारे १३ मिलिमीटर जाड करता येते. दोन्ही पदार्थांची मूळ ताठरता सारखी मानली, तरी १.३ चा घन सुमारे २.२ येतो. म्हणजे वजन तेच राहून फळी दुपटीहून अधिक ताठ होते. विमान, नौका व वाहने यांच्या बांधणीत वरखाली पातळ मजबूत थर आणि मध्ये हलका गाभा अशी सँडविच रचना वापरतात, तिचे मूळ या गणितात आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये प्रथम उड्डाण केलेल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाच्या सांगाड्यात प्लायवूडच्या थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा होता. बाल्सा हा निसर्गाने घडविलेला फेनच म्हणावा लागेल.

घडणीची प्रक्रिया आणि त्यातील दोष :

प्रक्रिया वर्णनास सोपी असली तरी तिच्यात काळजीचे मुद्दे बरेच आहेत. गोल प्रथम धुऊन, वाळवून व चाळून घेतात. त्यानंतर ते रेझिनमध्ये हळूहळू कालवतात, शेवटी हार्डनर मिसळून मिश्रण साच्यात ओततात व घट्ट होऊ देतात. या क्रमात मुख्यतः चार दोष उद्भवतात.

पहिला दोष गोल फुटण्याचा. मिश्रण जोराने ढवळले तर पातळ भिंतीचे गोल फुटतात, त्यांच्यातील पोकळी नाहीशी होते आणि तुकडे भरीव राखेसारखे वागू लागतात. दुसरा दोष हवा अडकण्याचा. घट्ट मिश्रणात ढवळताना हवेचे बुडबुडे शिरतात. त्यांना कठीण भिंत नसल्यामुळे तडे तेथूनच सुरू होतात. यासाठी मिश्रण काही काळ निर्वातात ठेवावे लागते. तिसरा दोष गोल वर चढण्याचा. रेझिन घट्ट होण्यास उशीर झाला तर हलके गोल वरच्या भागात जमा होतात आणि एकाच फळीचा वरचा व खालचा भाग भिन्न गुणांचा होतो. चौथा दोष गोल व रेझिन यांची पकड कमी पडण्याचा. गोलांवर सिलेन नावाच्या रसायनाचा पातळ लेप दिल्यास ही पकड सुधारते.

यांपैकी पहिल्या दोन दोषांचा एकत्रित परिणाम फसवा असतो. वरील उदाहरणात दहापैकी एक गोल फुटला, तर घनता ०.८८ ऐवजी सुमारे ०.९२ येते. उलट गोल शाबूत राहून घनफळाच्या पाच टक्के हवा अडकली, तर ती ०.८४ येते. मोजलेली घनता अपेक्षेहून अधिक असल्यास गोल फुटल्याचा आणि कमी असल्यास हवा अडकल्याचा अंदाज बांधता येतो. परंतु दोन्ही दोष एकाच वेळी घडले तर घनता ०.८७, म्हणजे जवळजवळ अपेक्षेइतकीच येते. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि सदोष नमुना निर्दोष ठरतो. म्हणून केवळ घनतेच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. नमुन्याचा छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तसेच लहान तुकड्यातील रेझिन भट्टीत जाळून उरलेले गोल पाण्यावर किती तरंगतात हे तपासणे आवश्यक ठरते.

औद्योगिक उपयोग :

संमिश्र फेनाचा सर्वांत कठोर उपयोग खोल समुद्रात होतो. २३ जानेवारी १९६० रोजी ‘त्रिएस्ते’ हे पाणयान मारियाना गर्तेच्या तळाशी पोहोचले, तेव्हा त्याला तरंगशक्ती देण्यासाठी पेट्रोलने भरलेली प्रचंड टाकी वापरावी लागली होती. मार्च २०१२ मध्ये जेम्स कॅमेरून यांनी त्याच गर्तेत नेलेल्या ‘डीपसी चॅलेंजर’ या यानात ते काम विशेष संमिश्र फेनाने केले. सहा हजार मीटर खोलीवर दाब सुमारे ६०० वातावरणांइतका असतो. तेथे थर्माकोल क्षणात चेपून निकामी होईल. अशा कामासाठी मात्र राखेतील गोलांपेक्षा कारखान्यात घडविलेले काचेचे एकसारखे गोल पसंत करतात, कारण प्रत्येक गोलाच्या बळकटीची खात्री द्यावी लागते. क्रीडाक्षेत्रातही या पदार्थाचा शिरकाव झाला आहे. १९९८ च्या विश्वचषक स्पर्धेतील ‘त्रिकोलोर’ या फुटबॉलमध्ये वायूने भरलेल्या सूक्ष्म गोलांच्या फेनाचा थर होता.

राखेतील गोलांचे क्षेत्र वेगळे आहे. ते स्वस्त, उष्णतेला टिकणारे व रासायनिकदृष्ट्या स्थिर असल्यामुळे तेलविहिरींसाठी लागणाऱ्या हलक्या सिमेंटमध्ये, उष्णतारोधक विटांमध्ये, रंग व लेपांमध्ये, प्लास्टिकच्या भरावात आणि साचे घडविण्याच्या ठोकळ्यांत वापरले जातात. धातूंच्या बाबतीत त्यांचा उपयोग विशेष उल्लेखनीय आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि गोलांची भिंत त्याहून कितीतरी अधिक तापमानापर्यंत शाबूत राहते. त्यामुळे वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये गोल मिसळणे शक्य होते. ६० टक्के गोल घेतल्यास वरील रीतीने घनता २.७ वरून सुमारे १.५ वर येते. धडक बसल्यावर असा फेन क्रमाक्रमाने चेपला जातो व धडकेची ऊर्जा शोषून घेतो, म्हणून वाहनांच्या सुरक्षिततेसाठी त्याचा अभ्यास होत आहे. या विषयात भारतीय शास्त्रज्ञांचे कार्य मोठे आहे. भोपाळ येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे संस्थापक संचालक प्रदीप रोहतगी यांनी पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात राख व अ‍ॅल्युमिनियम यांच्या संमिश्रांवर काम केले आणि त्यास ‘अ‍ॅशअलॉय’ हे नाव दिले. भोपाळची ही प्रयोगशाळा आता प्रगत पदार्थ व प्रक्रिया संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

प्रत्येक उपयोगाला हा फेन योग्य असतोच असे मात्र नाही. संत्र्यांच्या शीतवाहतुकीचे उदाहरण घेता येईल. थंडावा टिकविण्यासाठी उष्णतेचे वहन कमीत कमी व्हावे लागते. त्या कसोटीवर पॉलियुरेथेनचा साधा फेन हा रेझिन व राखगोलांच्या फेनापेक्षा कितीतरी पटींनी सरस आहे. भार पेलण्याचे काम नसेल, तर अशा भिंतीत संमिश्र फेन वापरणे म्हणजे गैरलागू ठिकाणी खर्च करणे होय. दाब, उष्णता व वजन या तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, तेथेच या पदार्थाचे खरे स्थान आहे.

प्रमाणाचा प्रश्न :

‘राखेतून संपत्ती’ हे वाक्य अलीकडे वारंवार ऐकू येते. त्याची सत्यता प्रमाणाच्या कसोटीवर तपासली पाहिजे. उदाहरणादाखल ५०० मेगावॅटचा एक संच घेऊ. एक युनिट विजेमागे ०.६५ किलो कोळसा धरला, तर पूर्ण भारावर दररोज सुमारे ७८०० टन कोळसा लागतो. राखेचे प्रमाण ३५ टक्के मानल्यास २७३० टन राख होते. तिच्यापैकी धुराबरोबर जाणारी बारीक राख ८० टक्के, म्हणजे सुमारे २१८० टन भरते. तिच्यात एक टक्का पोकळ गोल असतील तर ते २२ टन होतात, अर्धा टक्का असतील तर ११ टन.

दररोज २२ टन ही एखाद्या उद्योगाला पुरेशी मोठी राशी आहे. पण एकूण एक गोल वेचून काढले तरी त्या दिवशीची २७०० टनांहून अधिक राख जागच्या जागीच राहते. यावरून पुढील निष्कर्ष निघतो : संमिश्र फेन हा राखेतून मोल काढण्याचा मार्ग आहे, राख संपविण्याचा नव्हे. राखेचे मोठे प्रमाण सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव व खाणींचे भरण यांतच जिरू शकते. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर गोलांच्या विक्रीचे आकडे दाखवून राखेच्या मूळ प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका संभवतो.

ओली पद्धत की कोरडी :

याहून सूक्ष्म अडचण संकलनाच्या पद्धतीत आहे. आजवर पोकळ गोल मिळत आले ते राखतलावांतून. राख पाण्यात कालवून नळांवाटे तलावात सोडायची, गोल तरंगत वर आले की पाण्यावरचा तो करडा-पांढरा थर अडवून गोळा करायचा, अशी ही पद्धत आहे. पाण्याने फुकटात वेगळे केलेले हे द्रव्य साहजिकच स्वस्त पडते. परंतु त्या स्वस्ताईची किंमत इतरत्र चुकविली जाते. तलावासाठी जमीन जाते, राख वाहून नेण्यास पाणी लागते, उन्हाळ्यात कोरडी पडलेली राख वाऱ्याने गावांवर उडते आणि बंधारा फुटल्यास शेती व पाणवठे बाधित होतात.

धोरणाची दिशा मात्र कोरड्या पद्धतीकडे आहे. केंद्र शासनाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी राखेच्या वापराविषयी पहिली अधिसूचना काढली. त्यानंतर २००३, २००९ व २०१६ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर ठराविक वर्षांच्या चक्रात पूर्ण करणे, न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये पर्यावरण भरपाई देणे आणि तलावांतील जुनी राख दहा वर्षांत वापरात आणणे बंधनकारक केले. या धोरणाचा परिणाम आकड्यांतही दिसतो. देशात १९९६-९७ मध्ये सुमारे ६.८९ कोटी टन राख निर्माण झाली व तिच्यापैकी ९.६३ टक्के वापरली गेली. २०२०-२१ मध्ये निर्मिती २३.२५ कोटी टनांवर पोहोचली आणि वापर ९२.४१ टक्के झाला.

सिमेंट कारखान्यास राख कोरडी हवी असते. ती थेट बल्करमध्ये भरून गेली की तलावात जाणारी राख घटते आणि त्याबरोबर तरंगणाऱ्या गोलांचा साठाही आटतो. म्हणजे गोलांच्या व्यवसायाचे हित राख ओली राहण्यात आणि गावांचे हित ती कोरडी उचलण्यात, असा पेच निर्माण होतो. येथे कोणाचे हित आधी, याविषयी संदिग्धता असू नये. हलक्या पदार्थाच्या गरजेसाठी राखतलाव टिकवून ठेवणे समर्थनीय ठरणार नाही.

तांत्रिकदृष्ट्या या पेचातून दोन वाटा दिसतात. पहिली वाट जुन्या राखेची. तलावांतील साठलेली राख ठराविक मुदतीत उपसायचीच आहे. ती उपसताना तिचा काही भाग मर्यादित आकाराच्या टाकीतून, तेच पाणी पुनःपुन्हा वापरून, नेला तर त्यातील पोकळ गोल वेगळे करता येतील. त्यासाठी नवा तलाव लागत नाही. दुसरी वाट कोरड्या विलगीकरणाची. येथे हवेचा झोत एकटा पुरत नाही. हवेत कण खाली पडण्याचा वेग त्याच्या घनतेवर आणि व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. त्यामुळे १०० मायक्रॉनचा ०.७ घनतेचा पोकळ गोल आणि सुमारे ५५ मायक्रॉनचा २.३ घनतेचा भरीव कण हे सारख्याच वेगाने पडतात आणि एकाच ठिकाणी जमा होतात. आधी चाळणीने जाड कण वेगळे काढून मग त्या भागावर हवेचा झोत सोडला, तर ही अडचण बरीचशी दूर होते. ही पद्धत पाण्याच्या पद्धतीपेक्षा महाग आहे. परंतु तलावाची जमीन, पाणी व भरपाई यांचा खर्च हिशेबात धरल्यास तुलना बदलते.

महाविद्यालयांची भूमिका :

या विषयातील पहिली पायरी कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घेता येण्याजोगी आहे. सुमारे ५०० ग्रॅम कोरडी राख वजन करून मोठ्या पात्रात पाण्यात कालवावी. सूक्ष्म भरीव कण पृष्ठताणाने तरंगत राहू नयेत म्हणून साबणाच्या द्रावणाचे एक-दोन थेंब घालावेत. मिश्रण स्थिर झाल्यावर वरचा थर काढून, पुन्हा एकदा पाण्यात सोडून, सुमारे ११० अंश सेल्सिअसला वाळवावा व तोलावा. राखेचा नमुना कमी घेतला तर मिळणारे द्रव्य अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरते आणि तोलातील चूक मोठी ठरते. कोरडी राख हाताळताना मुखपट्टी वापरणे अत्यावश्यक आहे, कारण तिच्यातील सूक्ष्म सिलिकायुक्त धूळ फुप्फुसास अपायकारक असते. वेगवेगळ्या केंद्रांतील व वेगवेगळ्या महिन्यांतील नमुन्यांची अशी नोंद सातत्याने ठेवली, तर कोणत्या कोळशातून किती गोल मिळतात याचे स्थानिक ज्ञान उभे राहील.

दुसरी पायरी स्थानिक द्रव्यांच्या संयोगाची. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून दाबफळी तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी शेतातून काढावीच लागते आणि ती बहुतेक ठिकाणी जाळली जाते. पऱ्हाटीच्या फळ्यांचे बाह्य थर व राखगोलांच्या फेनाचा गाभा अशी सँडविच रचना दारे, विभाजक भिंती व वाहनांची अंतर्गत सजावट यांसाठी किती टिकते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वाणिज्य व भूगोल या विभागांना एकत्र काम करता येईल असा हा विषय आहे. गोलांची बळकटी मोजणे जितके आवश्यक, तितकेच त्यांची किंमत कोण ठरवते आणि राखेची धूळ कोण सोसते, हे मांडणेही आवश्यक आहे.

समारोप :

संमिश्र फेनाची कल्पना साधी आहे : पोकळी टाळता येत नसेल तर तिला भिंत द्यावी. या एका तत्त्वावर खोल समुद्रातील पाणयानापासून हलक्या फळीपर्यंत अनेक पदार्थ उभे राहिले आहेत. विदर्भातील वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत हे भिंतीचे गोल दररोज तयार होतात. त्यांचे मोल ओळखणे योग्यच आहे. मात्र शंभर किलो राखेत त्यांचा वाटा जेमतेम किलोभर, याचा विसर पडू नये. तो किलोभर भाग उद्योगाने जरूर घ्यावा, परंतु तो मिळविण्यासाठी उरलेले नव्व्याण्णव किलो गावांच्या शिवारात ओले पसरून ठेवण्याचा अधिकार त्यातून प्राप्त होत नाही. जाम चौरस्त्याच्या दोन्ही दिशांना उभ्या असलेल्या वीजकेंद्रांच्या संदर्भात पदार्थविज्ञानाचा अभ्यास करताना हा हिशेब प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर असावयास हवा.